चिमिनियाला आगटीसारखं वागवू नका: या चुका टाळा

सोलापूरकराला जाळ करायला शिकवावं लागत नाही, असा इथे एक समज आहे. निम्म्या चिमिनियांची वाट या समजानेच लागते. थंडीत शेतावर हुरड्याला जायचं, आगटीत गोवऱ्या पेटवायच्या, निखारे फुलले की ज्वारीची कणसं त्यात खुपसायची, हे सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. मग बंगल्याच्या अंगणात नाहीतर गच्चीवर शेकायला चिमिनिया, म्हणजे ते मोठ्या पोटाचं मातीचं धुराडं, येतं आणि त्यालाही आगटीचेच नियम लावले जातात. आगटी म्हणजे जमिनीतला खड्डा. त्यात काहीही घाला, कितीही घाला, खड्डा तडकत नाही.

चिमिनिया मूळची मेक्सिकोतली. खाली गोल पोट, पुढे तोंड, वर निमुळतं धुराडं. तोंडातून गार हवा आत ओढली जाते, धूर वरून निघतो, आणि थोड्या लाकडावर जाळ भडकतो. म्हणजे तिला कमी लागतं. लोक नेमकं जास्त घालतात.

पहिल्याच दिवशी मोठा जाळ

सर्वाधिक चिमिनिया या चुकीने फुटतात आणि तारीखही बहुतेक ठरलेली असते: 31 डिसेंबर. विजापूर रोडवरच्या एका बंगल्यातला प्रकार अगदी नमुनेदार. दुपारी नवी चिमिनिया टेम्पोतून उतरली, रात्री पाहुणे येणार होते. आत वाळू नाही, काही नाही. वखारीतून आणलेली बाभळीची पाच-सहा जाड लाकडं एकदम कोंबली, खाली कडब्याची पेंढी, वर थोडं रॉकेल. पंधरा मिनिटांत ज्वाळा धुराड्यातून हातभर बाहेर आल्या. सगळ्यांनी फोटो काढले. थोड्या वेळाने ‘टक्’ असा आवाज झाला आणि तोंडाच्या वरच्या कोपऱ्यातून केसाएवढी रेघ गळ्याकडे चढत गेली. इथे जाळ आपोआप विझू दिला असता तरी भांडं वाचलं असतं. पण कोणीतरी घाबरून बादलीभर पाणी ओतलं. पोटाचे तीन तुकडे झाले, निखारे फरशीभर पसरले, आणि एका तापलेल्या ठिकाणी पाणी पडल्यावर शहाबादी फरशीही उलली.

यात नशिबाचा भाग काही नाही. ही माती माठासारखी, कमी आचेवर भाजलेली आणि सच्छिद्र. कोरडी दिसली तरी भिंतीत ओल असते. त्या पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे-सतराशे पट जागा लागते. हळू तापवलं तर वाफ छिद्रांतून निघून जाते, एकदम तापवलं तर ती भिंत फोडून निघते. शिवाय आतली बाजू तापून फुगते, बाहेरची थंडीच्या हवेत गारच राहते, आणि त्या ओढाताणीत बाहेरचा थर ताणला जातो. माती दाब भरपूर सोसते, ताण सोसत नाही. तोंडापाशी भिंत कापलेली असल्याने सगळा ताण तिथल्या कोपऱ्यांवर येतो, म्हणून चीर बहुधा तिथूनच सुरू होते.

तेव्हा आधी वाळू. तोंडाच्या खालच्या काठापासून चार बोटं, म्हणजे साधारण 7 सेंमी, खाली राहील इतकी वाळू पोटात भरा. वाळू चाळलेली आणि दोन दिवस उन्हात पसरून वाळवलेली हवी. नदीतले गोटे घालू नका, त्यांच्यात पाणी अडकलेलं असतं आणि ते तापल्यावर फुटून उडतात. वाळूवर दोन कोरड्या विटा आडव्या ठेवा, लाकडं त्यांवर टेकवायची, म्हणजे खालून हवा खेळते.

मग भांडं ‘पिकवायचं’. पहिल्या दिवशी एक कागद आणि मूठभर काटक्या, जाळ पंधरा-वीस मिनिटं, बस. रात्रभर आपोआप गार होऊ द्या. दुसऱ्या दिवशी तेवढंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगठ्याएवढी दोन लाकडं. असे निदान पाच-सहा जाळ झाल्यावर मनगटाएवढं लाकूड. हात बाहेरून पोटावर ठेवून बघा. काटक्यांच्या जाळाला भिंत कोमट लागली तर वेग बरोबर, चटका बसला तर घाई झाली. ज्यांना सहा दिवस थांबवत नाही त्यांनी सरळ लोखंडी शेगडी घ्यावी आणि कुंभाराच्या कष्टांवर दया करावी.

आणि पाणी कधीच नाही. झोपायच्या पाऊण तास आधी लाकूड घालणं थांबवा. तातडीने विझवायचंच असेल तर कोरड्या वाळूचं घमेलं शेजारी भरलेलं असावं. चिमिनियाजवळ पाण्याची बादली दिसली की ती आधी लांब ठेवायची. घाबरलेला माणूस हाताला लागेल तेच ओततो. (बादली हवी, पण दहा पावलांवर, अंगावरची चादर पेटली तर त्यासाठी.)

पत्र्याच्या शेडखाली, टाकीच्या शेजारी

सोलापुरात गच्चीवर पत्र्याचं शेड नाही असं घर विरळाच. उन्हाळ्यात ते हवंच. पण त्याखाली चिमिनिया लावू नये. ‘तीन बाजूंनी उघडंच आहे की’ हे उत्तर ठरलेलं. धूर पत्र्याखाली कोंडतो, आणि धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडही. त्याला ना वास, ना रंग. निखारे शांत दिसायला लागतात तेव्हाही तो तयार होतच असतो, त्यामुळे थंडी वाजते म्हणून विझत आलेली चिमिनिया खोलीत ओढून घेणं हा तर जिवाशी खेळ.

वर मोकळं आकाश आणि चहूबाजूंनी निदान 3 मीटर मोकळी जागा हा हिशोब धरा. गच्चीवर तेवढ्या अंतरात काय काय येतं ते मोजून बघा: पाण्याची प्लॅस्टिक टाकी, सोलर हीटरचे पाइप, इंटरनेटची केबल, कपडे वाळत घालायची दोरी. दोरीवर चादर असतेच. आपल्याकडे थंडीत चादर अंगावर घेऊनच शेकायला बसतात. सुती चादर ठिणगीने धुमसत राहते आणि पटकन कळत नाही, सिंथेटिक शाल वितळून कातडीला चिकटते. म्हणून धुराड्याच्या तोंडावर जाळी हवीच. वेल्डिंगवाल्याकडून साध्या लोखंडी तारेची, बोटाचं टोक जेमतेम जाईल एवढ्या भोकांची टोपी करून घ्या. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी नको, तापल्यावर त्याचा धूर सुटतो.

गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा थर असेल तर भांडं थेट त्यावर टेकवू नका. खाली विटांचा थर, वर फरशी, फरशीवर लोखंडी तिवई आणि तिवईत चिमिनिया. खालून हवा वाहिली पाहिजे. वाळू भरल्यावर वजन चांगलंच वाढतं, त्यामुळे जुन्या माळवदाच्या घरावर हा प्रयोग करूच नये. तिथे अंगण आहे ना.

सरपण: बाभूळ चांगली, पण किती?

बाभूळ सावकाश आणि कडक जळते, म्हणून ती उत्तम आणि म्हणूनच धोक्याची. मनगटाएवढी, 25 ते 30 सेंमी लांब, एका वेळी दोन, फार तर तीन. बोर आणि चिंचही चालते. सुबाभूळ लवकर संपते, पण नवशिक्याला तीच बरी, चूक झाली तरी थोडक्यात निभावते. निलगिरीत तेल असतं, ठिणग्या उडतात. पेटवायला तुरीच्या वाळक्या तुराट्यांसारखं दुसरं काही नाही: चार तुराट्या, एक कागद, झालं. कडबा भसकन पेटतो आणि जळत्या काड्या वर उडतात, त्यापेक्षा तो म्हशीला घाला.

ओलं लाकूड हे धुराच्या तक्रारींचं पहिलं कारण. वखारवाला ‘वाळलेलंच आहे’ म्हणतो. त्याच्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा. वाळलेलं खणखणीत वाजतं, ओलं धप्प करतं. टोकांना मधून बाहेर जाणाऱ्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या भेगा पडलेल्या असाव्यात. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हाएवढी चांगली भट्टी नाही. संक्रांतीनंतर लाकूड फोडून रचलं, पावसाळ्यात वरून झाकलं आणि बाजू उघड्या ठेवल्या, तर पुढच्या थंडीला ते तयार.

कण्हेरीची छाटणी कधीही घालू नका. तिचा धूरही विषारी असतो. प्लायवूड, सनमायका, रंगवलेल्या खिडक्या, पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या, दुधाच्या पिशव्या: नाही. दगडी कोळसाही नाही, मातीला ती आच झेपत नाही. रॉकेल आणि डिझेल तर मुळीच नाही. मातीत मुरतं, पुढचे चार दिवस वास मारतं, आणि तापल्या भांड्यात ओतलं तर त्याची वाफ पेटून थेट तोंडावर येते.

धूर तोंडातून येतो

आधी धुराडं गार आहे का बघा. गार धुराड्यात हवेचा गोळा बसलेला असतो, तो धुराला वर जाऊ देत नाही. वर्तमानपत्राचा पिळा करून पेटवा आणि गळ्याच्या अगदी खाली अर्धा मिनिट धरा. ओढ लागली की मग काटक्या पेटवा. जाळ पोटाच्या मागच्या भिंतीकडे हवा, तोंडाजवळ नको. एवढं करूनही धूर आला तर जाळी काजळीने बुजली असेल. ती काढून तारेच्या ब्रशने घासा.

मग वारा. थंडीत आपल्याकडे तो बहुतेक ईशान्य-पूर्वेकडून येतो, पण दोन इमारतींच्या मधल्या गच्चीवर त्याचं काही सांगता येत नाही. उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघा. वारा थेट तोंडात शिरला तर जाळ भडकून ठिणग्या वर जातात, पाठीमागून आला तर धूर पुढे बसलेल्यांच्या डोळ्यांत. तोंड वाऱ्याला आडवं असावं. दिशा गार असतानाच ठरवा, पेटलेली चिमिनिया फिरवायची नसते.

वरून ज्वाळा बाहेर दिसल्या तर ते जाळ जास्त झाल्याचं लक्षण आहे. कौतुक पुरे, लाकूड घालणं थांबवा.

घेताना

माठ घेताना टिचकी मारतो तशी मारा. स्वच्छ टणटणीत आवाज आला पाहिजे, बद्द वाजली तर कुठेतरी चीर आहे. तोंडाच्या काठाशी जाडी 2 सेंमीपेक्षा कमी असेल तर ती शोभेची वस्तू समजा, झाड लावा. धुराडं आतून 12 ते 15 सेंमी रुंद हवं. तोंड ऐसपैस आणि गळा बारीक असेल तर ती जन्मभर पुढूनच धूर ओकणार. ऑईल पेंटने चकचकीत केलेली घेऊ नका, पहिल्या आठवड्यात फोड येतात, आणि बऱ्याचदा तो रंग चिरा झाकायलाच दिलेला असतो.

बिडाची चिमिनिया घाई सोसते, पण गंजते, आणि बाहेरूनही इतकी तापते की लहान मुलं असलेल्या घरात तिच्याभोवती कठडा लागतो. तापलेल्या बिडावर पाणी पडलं तर तेही तडकतं. पातळ पत्र्याची एका-दोन हंगामांत वाकडी होते.

किरकोळ, पण रोजच्या

उचलताना गळ्याला धरू नका. वाळू काढा, दोघांनी मिळून बुडाला हात लावा.

केसाएवढी चीर सरकत नसेल तर तिला तशीच राहू द्या. रुंदावली तर फायर सिमेंट, म्हणजे आच सोसणारं सिमेंट, भरा. इपॉक्सीची पुट्टी, पांढरं सिमेंट, पीओपी पहिल्याच जाळात सुटतं.

राख दुसऱ्या दिवशी काढा, लोखंडी घमेल्यात. राखेच्या पोटात निखारा चोवीस तासांनंतरही जिवंत सापडतो आणि प्लॅस्टिकची बादली त्याला पुरून उरत नाही. दोन बोटं राख वाळूवर राहू द्या, तळ जपला जातो.

हुरडा यात भाजू नका. कणसाला ज्वाळा नको, गोवऱ्यांचे निखारे आणि गरम राख हवी. चिमिनियात हुरड्याची खास गूळभेंडी ज्वारीसुद्धा बाहेरून काळी आणि आत कच्ची राहते. हुरड्याला आगटीच करा.

हंगाम संपल्यावर

शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, तेव्हा चिमिनियाही आवरा. वाळू काढा, राख झटका, आणि मृगाच्या आत ती आडोशाला न्या. प्लॅस्टिकच्या कागदात गच्च गुंडाळली तर आत घाम धरतो, सुती पोतं बरं. परतीच्या पावसात भिजलेली मातीची चिमिनिया नव्यासारखीच समजायची: चार दिवस ऊन, मग पुन्हा काटक्यांचे तीन छोटे जाळ. त्यातल्या पहिल्या जाळाआधी धुराड्यात बॅटरी मारून बघा, गांधीलमाशीचं पोळं असतंच असतं, आणि बुडाखाली हात घालण्यापूर्वी काठी फिरवा, विंचवाला ती जागा फार आवडते.