टोरिक लेन्स बसवली, तरी दिव्याला शेपूट? या चुका टाळा

"दिव्याला शेपूट फुटल्यासारखं दिसतंय हो," मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी आलेल्या एक काकू म्हणाल्या. तिरका नंबर जावा म्हणून जादा पैसे मोजून टोरिक लेन्स घातली होती. घरचे म्हणत होते, डोळा नवा आहे, महिन्याभरात बसेल. असं थांबून राहणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

साधी लेन्स डोळ्यात गोल फिरली तरी नंबर बदलत नाही. टोरिकचा अ‍ॅक्सिस, म्हणजे ती ज्या कोनात बसवायची तो कोन, मात्र अंशात जुळावा लागतो. एक अंश हुकला की सिलिंडरची, म्हणजे तिरक्या नंबराची, साधारण 3.3 टक्के दुरुस्ती गेली. घड्याळाची तबकडी आठवा. मिनिटाचं एक घर 6 अंशांचं, म्हणजे तेवढ्यानेच पाचवा हिस्सा वाया. काटा बाराचा एकवर आला, 30 अंश, की फायदा शून्य. त्यापुढे तिरका नंबर उलट वाढतोच.

लेन्स फिरायची ती बहुधा पहिल्या काही तासांत, फार तर काही दिवसांत. पुढे डोळ्यातल्या मूळ भिंगाची पातळ पिशवी, जिच्यात ही लेन्स बसवतात, आकसून तिला धरून ठेवते. म्हणून दुसऱ्या दिवशीची तपासणी "दुखत नाही, लाल नाही" म्हणून चुकवू नका. बाहुली मोठी करणारे थेंब घालून लेन्सच्या कडेच्या खुणा किती अंशांवर आहेत ते बघायला सांगा. फिरलेली असेल तर साधारण एक ते तीन आठवड्यांत पुन्हा जागेवर आणता येते. त्याआधी आणली तर परत घसरण्याची भीती, फार उशीर झाला तर पिशवी चिकटलेली. तोवर घाईने चष्मा करू नका.

"मी वाकले म्हणून फिरली का?" असं बरेच जण विचारतात. बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं: ऑपरेशनच्या वेळी घातलेलं आणि लेन्सच्या मागे राहिलेलं जेल, किंवा मोठी पिशवी. मोठा मायनस नंबर असणाऱ्यांचा डोळा लांब, पिशवीही ऐसपैस. तेव्हा जुना नंबर आणि नंबर घालवायला आधी केलेलं लेसिक ऑपरेशन लपवू नका.

काही वेळा लेन्स फिरलेलीच नसते, माप चुकलेलं असतं. कॉन्टॅक्ट लेन्स घालून माप दिलं, डोळे कोरडे होते, की बुबुळाची वक्रता चुकीची येते. चष्म्याच्या नंबरावर विसंबणं तर नकोच. त्यातला काही सिलिंडर मोतीबिंदूचाच असतो आणि तो ऑपरेशनबरोबर निघून जातो. शिवाय आडवं झाल्यावर डोळा स्वतःभोवती काही अंश फिरतो, म्हणून अ‍ॅक्सिसची खूण पेशंट ताठ बसलेला असतानाच करायची.

लेन्सचं कार्ड जपा आणि अ‍ॅक्सिस किती अंशांवर ठरला होता तो आकडा त्यावर लिहून घ्या. काकूंच्या कार्डावर तो नव्हता. जुना कागद शोधण्यातच दोन दिवस गेले.