सामान्य खेळाडूला रमवणारे गोल्फ मैदान कसे आखावे

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी परिसरातील एखाद्या पडीक माळावर गोल्फ मैदान काढायचे असेल, तर ते कोणासाठी काढायचे हे नकाशा हाती घेण्यापूर्वीच पक्के करावे. दूरचित्रवाणीवर दिसणारी मैदाने व्यावसायिक खेळाडूंचा कस पाहण्यासाठी सज्ज केलेली असतात. आपल्याकडे रविवारी सकाळी येणारा निवृत्त सुभेदार, डॉक्टर किंवा उद्यमबागेतला कारखानदार ड्रायव्हरने (लांब फटक्याच्या काठीने) जेमतेम 200 यार्ड चेंडू मारतो आणि तोही बहुधा उजवीकडे वळतो. अशा खेळाडूचा विरस सर्वांत जास्त होतो तो चेंडू हरवल्याने. अवघड फटक्याला तो कचरत नाही, पण झुडपात वाकून पाने उचकटत बसणे त्याला नको असते. 2019 पासून नियमाने शोधासाठी पाचऐवजी तीनच मिनिटे मिळतात. त्यानंतर एका फटक्याचा दंड घेऊन मूळ जागी परतावे लागते आणि तोवर मागचा गट ताटकळत उभा असतो.

म्हणून पहिला खर्च रुंदीवर करावा. मोठ्या स्पर्धांसाठी फेअरवे, म्हणजे बारीक कापलेल्या गवताचा खेळायचा पट्टा, 25 ते 30 यार्डांपर्यंत आवळतात. सामान्यांसाठी तो 40 ते 50 यार्ड ठेवावा आणि त्याच्या कडेचे गवतही चेंडू दिसेल इतपतच वाढू द्यावे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर पहिल्या व अठराव्या होलचा (चेंडू खळगीत घालेपर्यंतच्या एका टप्प्याचा) फेअरवे सामाईक आहे, त्यामुळे नवखा खेळाडूही तेथे छातीठोकपणे फटका मारतो. आणि तरीही ते मैदान सोपे आहे असे कोणी म्हणत नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्यांचा चेंडू उजवीकडे जात असल्याने कुंपण, नाला व दाट झाडी शक्यतो डाव्या बाजूला येईल अशी आखणी करावी. जुनी झाडे तोडू नयेत, परंतु त्यांच्या खालच्या फांद्या छाटून बुंध्याभोवतीची जागा मोकळी ठेवावी, म्हणजे चेंडू सापडतो आणि फांद्यांखालून तो बाहेरही काढता येतो. ऑगस्ट 2022 मध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानाच्या झाडीत बिबट्या दडून बसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, हे पाहता रान किती माजू द्यावे याचा विचार केवळ चेंडूसाठी करायचा नाही, हेही ओघाने आलेच.

लांबीच्या बाबतीत हौसेला आवर घालावा. 2011 मध्ये अमेरिकेतील गोल्फ संघटनांनी पुढच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या, खळगीला जवळ असलेल्या जागेवरून, खेळण्याची मोहीम चालवली. तिच्या तक्त्यानुसार ड्रायव्हरने 200 यार्ड मारणाऱ्याला 18 होलचे मिळून 5200 ते 5400 यार्ड पुरतात आणि 150 यार्ड मारणाऱ्याला 3500 ते 3700. तेव्हा प्रत्येक होलला किमान तीन टी कराव्यात आणि त्यांना ‘महिलांची’ किंवा ‘ज्येष्ठांची’ अशी नावे न देता केवळ रंग द्यावेत, कारण नाव दिले की पुढच्या टीवर जायला पुरुष लाजतात. पश्चिमेकडे जून ते सप्टेंबर या काळात जमीन इतकी ओली असते की चेंडू पडेल तेथेच रुततो. एप्रिलमध्ये तोच चेंडू कडक जमिनीवर चांगला तीस-चाळीस यार्ड धावतो. पावसाळ्यात टीच्या खुणा पुढे आणण्याची सोय आखणीतच ठेवली नाही, तर चार महिने हेच मैदान सामान्यांना झेपेनासे होते.

या धावत्या चेंडूचा उन्हाळ्यात पुरेपूर उपयोग करून घ्यावा. शेतकरी जिला वैतागून उपटून टाकतो ती हरळी फेअरवेसाठी उत्तम असते. ती उन्हात पिवळी पडते आणि पहिल्या वळवाबरोबर पुन्हा हिरवी होते, त्यामुळे टँकरचे पाणी ग्रीन (खळगीभोवतीची गुळगुळीत हिरवळ) व टी यांच्यापुरतेच राखता येते. ज्याला उंच फटका जमत नाही, त्याचा चेंडू जमिनीवरून घरंगळत ग्रीनवर पोहोचावा यासाठी ग्रीनची समोरची बाजू मोकळी ठेवावी. ग्रीन साधारण पाच गुंठ्यांचे असावे. त्याला चढउतार जरूर द्यावेत, पण खळगी जेथे पाडायची त्या भोवतालचा उतार शंभराला तीनपेक्षा जास्त नसावा, नाहीतर हलकेच ढकललेला चेंडूही खळगीजवळून निसटून खाली जातो. खानापूरकडच्या तांबड्या मुरमाड जमिनीत पाणी लवकर मुरते. बैलहोंगल भागातील काळी माती मात्र पावसात फुगते व उन्हात भेगाळते, म्हणून तेथे खाली खडी व नळ्या घालून वर वाळूचा थर दिल्याशिवाय ग्रीन करू नये.

बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, थोडेच असावेत. पावसाळ्यात त्यांची डबकी होतात. बहुतेक ठिकाणी गवती खळगे पुरतात.

खरा रस पर्यायांत असतो, आणि तो एका होलवर दाखवता येतो. समजा, 310 यार्डांचे होल आहे आणि डावीकडून येणारा ओढा ग्रीनच्या चाळीस यार्ड अलीकडे तिरका उजवीकडे जातो. ओढ्याची डावी कड टीला जवळ व उजवी कड दूर पडते. उजवीकडून थेट ग्रीन गाठू पाहणाऱ्याला लांब फटका मारून ओढा ओलांडावा लागतो. ज्याला धाडस नको त्याला डावीकडे अरुंद पात्रावरचा साकव दिसतो, तेथवर तो दोन छोट्या फटक्यांत जातो व तिसऱ्यात ग्रीनवर येतो. जिंकण्याची संधी दोघांनाही राहते आणि चेंडू पाण्यात घालवण्याची सक्ती कोणावरच होत नाही. मात्र खळगीला जवळच्या, पुढच्या टीसमोर पाणी कधीही आडवे घेऊ नये.

जागा बेताची असेल तर नऊच होल करावीत. दोन तासांत खेळ आटोपतो आणि माणूस जेवायला घरी पोहोचतो. पहिले होल पूर्वेकडे व शेवटचे पश्चिमेकडे नसावे, कारण सकाळ-संध्याकाळचे ऊन डोळ्यांवर आले की फटका कोठे गेला ते कळत नाही.

मातीकामापूर्वी फक्की मारून टी, फेअरवेच्या कडा व ग्रीन माळावर आखून घ्यावेत आणि निरनिराळ्या कुवतीच्या डझनभर खेळाडूंना, त्यांत आठवड्यातून एकदाच खेळणारेही धरून, तेथे चेंडू मारायला लावावेत. प्रत्येक चेंडू थांबेल तेथे बांबूची खुंटी ठोकावी. खुंट्या जेथे दाट होतील तेथे गवत बारीक ठेवावे, आणि चेंडू हरवण्याच्या जागी एकाहून अधिक खेळाडू वारंवार अडकत असतील तर झाडी विरळ करावी किंवा टीच सरकवावी. हे काम एकदा सुगीनंतर व एकदा भर पावसात करून मगच जेसीबी बोलवावा.