सोयाबीनची काढणी आणि ग्राइंडिंगचं मशीन

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एचआरला लागलो, तेव्हा मॅनपॉवर प्लॅनिंग, म्हणजे कामाला किती माणसं लागतील याचा हिशोब, हा नुसता गुणाकार, एवढीच माझी समजूत. 20 मशीन, 3 शिफ्ट, 60 ऑपरेटर. रोज दहा टक्के खाडे पडतात म्हणून वर 6 माणसं धरली. एका जुन्या सुपरवायझरने कागद बघून विचारलं, "साहेब, ह्या 66 मधले दहा टक्के दांडी मारणार नाहीत का?" 60 ला 0.9 ने भागायचं असतं. 67 लागतात. एकाचाच फरक, पण तेवढ्यात एक मशीन बंद राहतं.

खरा दणका ऑक्टोबरात बसला. दसरा-दिवाळीला दुचाकींचा खप वाढतो, त्यामुळे आमच्याकडे आधीपासूनच ऑर्डरची झुंबड. नेमकी तेव्हाच सोयाबीनची काढणी. परभणी-हिंगोलीकडून येऊन रांजणगाव, बजाजनगरात खोली करून राहणारी पोरं गावी पळाली. आभाळ भरून आलेलं असताना रजेचा अर्ज कोण लिहीत बसतो?

हजेरीपटावर माणसं तशी बरी दिसत होती, पण ग्राइंडिंगला, म्हणजे भाग घासून मापात आणायच्या कामाला, पक्का हात एकच. त्याला लागोपाठ डबल ड्युटी लावली. दुसऱ्या शिफ्टच्या शेवटी माप सुटायला लागलं, रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढलं. कामगिरी मोजायच्या अप्रेझल फॉर्मवर मी शेरा मारला, 'कामात लक्ष नाही.' त्याचा इन्सेंटिव्ह बुडाला आणि महिन्याभरात तो शेंद्र्याला दुसरीकडे लागला. प्लॅन माझा चुकला होता, शेरा त्याच्या नावावर पडला.

या लाइनीत नवीन येणाऱ्यांनी आधी दोन-तीन वर्षांचं मस्टर, म्हणजे हजेरीपट, काढून बसावं. महिन्याला महिना जुळवू नका, फसाल. 2022 ला लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं, 2023 ला अधिक मास आल्याने 12 नोव्हेंबरला. सण सण म्हणूनच जुळवायचा. मग स्किल मॅट्रिक्स. कोण शिकतोय, कोण देखरेखीखाली चालवतो, कोण एकटा, कोण दुसऱ्याला शिकवू शकतो, हे प्रत्येक मशीनपुढे लिहा. जिथे एकच नाव दिसेल तिथे जूनमध्येच दुसरा माणूस उभा करा. आयटीआयचा अप्रेंटिस दसऱ्याच्या तोंडावर आणून काही होत नाही, तो तेव्हा अजून माप तपासायचं गेज वाचायला शिकत असतो. ओटीवर (ओव्हरटाइमवर) निभावू म्हणाल, तर त्याची मजुरी दुप्पट आणि दमलेल्या हाताचं रिजेक्शन वेगळं.

आता आमच्या जुलैच्या फॉर्मात एक रकाना आहे, 'पेरणी कधी झाली?' साहेब लोक आधी हसले. पण सोयाबीन शंभरेक दिवसांत काढणीला येतं, त्यामुळे कोण कधी जाणार हे ऑगस्टमध्येच ठरतं. दोघं भाऊ असतील तर पाळीपाळीने सोडतो. यंदा एकाने रकान्यात लिहिलंय, 'दुबार.'