पिच्चर कसा होता? दीड मिनिटाचं मत अहिराणीत रेकॉर्ड करताना

पिच्चर सुटल्यावर टपरीवर जे बोललं जातं ते बहुतेक वेळा नेमकं असतं. तोच माणूस मोबाईलसमोर बसला की ‘दिग्दर्शकाने विषय समर्थपणे हाताळला आहे’ असलं काहीतरी बोलायला लागतो आणि पाहणारा बोटाने पुढे सरकतो. टपरीवरचं बोलणं शाबूत ठेवायचं असेल तर तयारी थोडी आधीपासून लागते.

ती थिएटरातच सुरू होते. इंटरव्हलला एका चिटोऱ्यावर तीन गोष्टी लिहा: लक्ष कुठे उडालं, शिट्ट्या कुठे पडल्या, आणि आत्ताच उठून गेलात तर काय बघायचं राहील. तिसऱ्याचं उत्तर सुचत नसेल, तर पहिल्या भागाबद्दलचं तुमचं मत तिथेच तयार झालं. पडद्याचं शूटिंग मात्र दहा सेकंदही करू नका. 2023 च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यात यासाठी किमान 3 महिने कैद आणि 3 लाख रुपये दंड आहे.

थिएटरचा दोष पिच्चरच्या माथी मारणं ही नेहमीची चूक. संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. तो बिघडलेला असला की संगीत दणदणतं आणि माणसं पुटपुटल्यासारखी वाटतात. प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला की रात्रीचे प्रसंग काळेकुट्ट दिसतात. शंका आली तर घरी येऊन इअरफोन लावून ट्रेलर बघा. तिथे आवाज आणि चित्र स्वच्छ असेल, तर ‘साउंड बेकार’ हे वाक्य गाळा.

आता लिहायचं. दीड मिनिटाला साधारण 180 ते 200 शब्द पुरतात. त्याहून जास्त लिहिलं की बोलताना दम लागतो. पहिल्याच वाक्यात निकाल द्या: ‘माले पिच्चर आवडना, पन शेवट जमना नही.’ (मला पिच्चर आवडला, पण शेवट जमला नाही.) निकाल शेवटपर्यंत दडवून ठेवला तर तो ऐकायला कुणी उरत नाही. मग पुरावा म्हणून एकच प्रसंग घ्या, तोही इंटरव्हलच्या आधीचा, म्हणजे गोष्ट फुटत नाही. ‘अभिनय छान’ म्हणण्यापेक्षा नट कुठल्या प्रसंगात गप्प राहिला आणि तरी सगळं कळलं, ते सांगा. कथा सांगत बसू नका. कथेला तीन वाक्यांच्या वर जागा गेली की मताला जागा उरत नाही.

घरच्यांना घेऊन जावं का, हे सांगितलंच पाहिजे, कारण लोक खरं तर तेच विचारतात. आता सेन्सॉरच्या यूए (मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या) प्रमाणपत्राचे 7+, 13+ आणि 16+ असे भाग आहेत, तेवढा आकडा वाचून दाखवला तरी आई-बापांचं काम होतं.

बोली घरात बोलता तीच ठेवा. धुळ्याकडची अहिराणी आणि रावेर-यावलकडची लेवा बोली यांची खिचडी केली की दोन्हीकडचे लोक हसतात, आणि तेही नको तिथे. अहिराणी म्हणजे फक्त कॉमेडी, ही सवयही सोडायला हवी. गंभीर पिच्चरवर अहिराणीत शांतपणे बोललेलं जास्त ऐकलं जातं. आपोआप येणाऱ्या सबटायटलवर विसंबू नका, बोलीची ती पार वाट लावतात. मराठीत हाताने टाका, एका वेळी दोन ओळींच्या वर नको.

रेकॉर्डिंगमध्ये चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा, आणि आवाजाचा खरा वैरी आपला कूलर. एप्रिल-मेमध्ये पारा 44 च्या पुढे गेल्यावर कूलर बंद करून दुपारी बसणं शक्य नाही, आणि चालू ठेवला तर त्याची घरघर नंतर काढता येत नाही. काढायला गेलं की तुमचाच आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. शिवाय तापलेला फोन पडद्याचा उजेड कमी करतो, कधी रेकॉर्डिंगच थांबवतो. म्हणून सकाळी सहा ते आठ ही वेळ धरा. पत्र्याच्या खोलीत दुपारी छपराचे आवाज येतात, तेही टळतात.

खोली रिकामी आणि स्लॅबची असेल तर आवाज घुमतो. फोनच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे तुम्ही जिकडे तोंड करून बोलता तिकडे, दोन गोधड्या टांगा. कॉलरचा माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा आणि रुमाल किंवा ओढणी त्याला घासणार नाही हे बघा. माइक नसेल तर फोन दोन फुटांच्या आत हवा. खिडकी समोर ठेवा, पाठीमागे नको. ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे एकेक चित्र टिपायचा वेळ, 1/50 किंवा 1/100 सेकंदावर न्या. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, 1/60 तिच्याशी जुळत नाही. आणि विमान मोड लावा, नाहीतर चांगल्या टेकमध्येच मामाचा फोन येतो.

पिच्चरचे तुकडे वापरताना लोक एक गोष्ट विसरतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा देतं, पण यूट्यूबची यंत्रणा कलम वाचत नाही, ती तुकडा जुळवते. गाणं तर पार्श्वभूमीलाही नको. क्लेम, म्हणजे मालकाचा हक्काचा दावा, आला तर बहुधा कमाई दुसऱ्याकडे जाते. स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइटच्या तक्रारीवरून मिळणारी ताकीद, वेगळी, 90 दिवसांत तीन झाल्या तर चॅनलच जातं. पोस्टर दाखवा आणि बोला.

मालिकेवर एका भागावरून मत देऊ नका. सलग पाच-सहा भाग बघा आणि घड्याळ लावून मोजा: जाहिराती वगळून बावीसेक मिनिटांत गोष्ट किती मिनिटं पुढे सरकली? मागचं पुन्हा दाखवणं, एकच चेहरा तीन बाजूंनी दाखवणं, दारात उभं राहून ऐकणं हे वजा करा. उरलेला आकडा नुसता सांगितला तरी पुरे.

तिकीट फुकट मिळालं असेल किंवा पैसे घेतले असतील तर ते सुरुवातीलाच बोलून टाका. शुक्रवारी पाहिलेल्या पिच्चरचं मत शनिवारी सकाळपर्यंत टाका. लोक रविवारचं तिकीट तेव्हाच ठरवतात. टाकण्याआधी एकदा स्वस्तातल्या फोनच्या स्पीकरवर, शेजारी कूलर चालू ठेवून ऐका, कारण बघणारा तसाच ऐकणार आहे. शब्द कळले नाहीत तर मागचं संगीत काढा.