मालिकेच्या सेटवर निघालात? आधी ९० दिवसांचं बघा

पोट्टेहो, शॉट कसा लावतात, लाइन कशी क्रॉस होते, हे तुम्ही मोबाइलवर पाहून घेतलंच असेल. ते सांगत नाही. मी गडचिरोलीतल्या वडशाकडचा. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेस धरली तेव्हा तेवढं मलाही येत होतं. पैसे हातात कधी पडतात, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

असिस्टंट डायरेक्टर म्हणून लागलात की महिन्याचा आकडा ठरतो. तो लगेच घरी सांगू नका. बरेच निर्माते पैसे ९० दिवसांनी देतात, अन् ते दिवस बिल लागल्यापासून मोजतात. १ जूनला कामावर उभे राहिलात तर बिल जूनअखेर, पैसे सप्टेंबरअखेर. म्हणजे चार महिने खोलीभाडं, लोकल, जेवण, सगळं खिशातून. धानाच्या चुकाऱ्याचीही आपण वाट पाहतो, पण घरात तांदूळ तरी असतो. गोरेगावच्या खोलीत तोही नसतो. त्यात टीआरपी पडून मालिका बंद झाली, तर मागच्या बिलासाठी फिरा. मी फिरलोय, फोन उचलत नाहीत. म्हणून आकडा, शिफ्टचे तास अन् पैशाची तारीख मेलवर लिहून घ्या. ‘आपलं घरचंच काम आहे’ म्हणणाऱ्याकडून तर सगळ्यात आधी. टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरा, सोडून देऊ नका.

काम मिळतं, त्याची भीती नको. रोजच्या मालिकेला रोज साधारण २२ मिनिटं भरायची असतात, माणसं लागतातच. सुरुवातीला कंटिन्युइटी गळ्यात पडेल. एकाच प्रसंगाचे दोन तुकडे चार दिवसांच्या अंतरानं शूट होतात. पदर कोणत्या खांद्यावर होता, कप भरलेला होता की रिकामा, हे तुम्हालाच विचारणार. कंटाळवाणं आहे, पण एडिटिंगची समज इथूनच येते.

पुण्याच्या एफटीआयआयचा, म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटचा, टीव्ही दिग्दर्शनाचा एक वर्षाचा कोर्स जमला तर जरूर करा. तीन महिन्यांत डायरेक्टर बनवणारे क्लास? तेवढ्या पैशात वरचे चार महिने निघतात. गुरूचं म्हणाल तर चहा आणायला लावणारा वाईट नसतो. मॉनिटरमागे उभं राहू न देणारा वाईट.

अनुभव विचारला तर झाडीपट्टी, म्हणजे आपल्याकडची रात्रभर चालणारी नाटकं, सांगा. मंडईच्या जत्रेतलं पब्लिक रात्रभर जागेवर बसवणं काही सोपं नाही. थोडं हसतील. माझ्या पहिल्या सेटवरही हसले, अन् मग गर्दीच्या सीनला ज्युनिअर आर्टिस्ट उभे करायचं काम माझ्याच माथी मारलं.