हवा कट होत नाही? गव्हर्नर बदलण्याआधी हे तपासा

चवथ झाली, पाऊस ओसरला, की गोव्यातल्या साखळी-डिचोली खाणपट्ट्यात पावसाळाभर उभे असलेले टिपर बाहेर पडतात आणि तक्रारी सुरू होतात: एअर ब्रेकच्या टाकीत हवा भरत नाही, किंवा भरली तर कट होत नाही, म्हणजे टाकी भरूनही भरणं थांबत नाही. खापर बहुधा एअर गव्हर्नरवर फुटतं. तो लहान असतो, दोन बोल्टांवर बसलेला, बदलायला सोपा. नवा बसवूनही गाडी तशीच राहिली की मग खरी शोधाशोध होते. ती आधीच करावी.

गव्हर्नर हवा तयार करत नाही, कॉम्प्रेसरला फक्त हुकूम देतो. टाकीतला दाब वरच्या मर्यादेला पोचला की तो अनलोडरच्या (कॉम्प्रेसरचं भरणं थांबवणाऱ्या भागाच्या) नळीत हवा सोडतो. त्या हवेने कॉम्प्रेसरचे इनलेट व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि कॉम्प्रेसर नुसता फिरत राहतो. दाब उतरला की ती हवा बाहेर सुटते आणि भरणं पुन्हा सुरू होतं. तेव्हा पाहायचं ते इतकंच: टाकीचा दाब गव्हर्नरपर्यंत आला का, हुकूम निघाला का, कॉम्प्रेसरने तो पाळला का. (बऱ्याच नव्या गाड्यांत गव्हर्नर एअर ड्रायरच्या, म्हणजे हवेतलं पाणी काढणाऱ्या डब्याच्या, अंगातच असतो आणि कट होताना खालून जोरात ‘फुस्स’ होतं. नळ्या सोडून करायची पुढची तपासणी वेगळ्या गव्हर्नरसाठी आहे.)

गाडी सपाट जागी लावा. अनमोड घाटात कडेला घेऊन करायचं हे काम नव्हे. टिपरची बॉडी खाली, चाकांना दोन्हीकडून ठोकळे. स्प्रिंग ब्रेक असले तर हवा उतरल्यावर मागची चाकं जखडतात, जुन्या गाडीत त्यावर विसंबू नका. दाब असताना कुठलीही नळी सोडायची नाही.

आता सगळ्या टाक्यांचे ड्रेन कॉक उघडा. आपल्या दमट हवेत थोडं पाणी निघणारच. ते भरपूर निघालं तर ड्रायर पाहा, काळपट तेलकट चिखल निघाला तर कॉम्प्रेसर. हाच चिखल गव्हर्नरच्या बारीक वाटेत जाऊन पिस्टन अडकवतो.

मग मोजमाप. डॅशबोर्डच्या काट्यावर विश्वास नको, टाकीला खात्रीचा गेज जोडा. इंजिन चालू करून हवा कुठे कट होते ते लिहून ठेवा. नंतर ब्रेक दाबत दाब उतरवा आणि भरणं पुन्हा कुठे सुरू होतं ते पाहा. वेगळा गव्हर्नर असलेल्या बऱ्याच गाड्यांत कट 8 ते 8.5 बारला होतो आणि दाब त्यापेक्षा साधारण 1 ते 1.5 बारने उतरला की भरणं सुरू होतं. नव्या गाड्यांत आकडे जास्त असतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच खरा.

हवा भरतच नसेल तर आधी गळती शोधा, एअर फिल्टर पाहा. नंतर दाब उतरवून गव्हर्नरवरची अनलोडरची नळी काढा आणि इंजिन चालू करा. दाब कमी असतानाच गव्हर्नरच्या त्या तोंडातून हवा येत असेल तर गव्हर्नर अडकलाय. काहीच येत नाही आणि तरी हवा भरत नाही? मग कॉम्प्रेसर, किंवा कार्बनने तुंबलेली त्याची डिलिव्हरी नळी.

कट होत नसेल तर उलट पाहायचं. हवा उतरवून अनलोडरच्या नळीत टी (तीन तोंडांचा सांधा) जोडून गेज लावा. टाकी ठरलेल्या दाबाला पोचली आणि या गेजचा काटा उठला, तर हुकूम निघतोय, कॉम्प्रेसरचा अनलोडरच चिकटलाय. पावसाळाभर उभ्या गाडीत हे आश्चर्य नाही, आणि 2012 किंवा 2018च्या खाणबंदीपासून उभ्या असलेल्या टिपरमध्ये तर मी सुरुवातच इथून करेन. काटा उठला नाही तर टाकीकडून येणारी नळी तपासा, ती तुंबलेली किंवा चेपलेली असू शकते. ती मोकळी असेल तरच गव्हर्नर दोषी. मर्यादेपलीकडे दाब चढू लागताच इंजिन बंद करा. सेफ्टी व्हॉल्व्ह वाजेपर्यंत थांबून बघणारे आहेत, तुम्ही त्यात नको.

हवा सारखी भरते-कट होते, असं असेल तर बहुतेक वेळा गळतीच. साबणाचं पाणी सांध्यांवर लावा, गव्हर्नरच्या एक्झॉस्टच्या भोकावरही. तिथे एखाददुसरा बुडबुडा चालतो. फेस उसळला तर आतलं सील गेलं.

गव्हर्नरचा वरचा स्क्रू फिरवणं सगळ्यात शेवटी, आणि गेज लावूनच. कोणत्या बाजूला फिरवल्यावर दाब वाढतो ते बनावटीवर आहे, तेव्हा पाव फेरा देऊन बघा. त्याने कट होण्याचा दाब बदलतो. कट आणि भरणं यांतलं अंतर बिघडलं असेल तर गव्हर्नरच बदला, तो जुन्याच सेटिंगचा घ्या. बसवण्याआधी दोन्ही नळ्या हवेने फुंकून साफ करा, नाहीतर जुना चिखल नव्यात जाईल. बसवल्यावर दोन्ही आकडे पुन्हा मोजा.