मुखवट्याचे जुने जपानी नेत्सुके पारखून कसे घ्यावे

किमोनोला खिसे नसतात. म्हणून एदो काळात (1603–1868) जपानी पुरुष तंबाखूची पिशवी किंवा औषधाची डबी दोरीने कमरपट्ट्याला लटकवीत आणि दोरी निसटू नये यासाठी तिच्या वरच्या टोकाला नेत्सुके नावाची छोटी कोरीव वस्तू बांधीत. त्यांपैकी मुखवट्याच्या घाटाची नेत्सुके बहुधा नो व क्योगेन या नाट्यप्रकारांतील मुखवट्यांवरून घडवलेली असतात.

प्रथम चेहरा ओळखावा. शिंगे आणि सुळे असलेली, मत्सराने राक्षसीण झालेली हान्या, ओठांचा चंबू करून शीळ घालणारा उसोबुकी आणि गुबगुबीत गालांची हसरी ओकामे एवढी ओळखता आली, तरी सुरुवातीला पुरे.

त्यानंतर वस्तू उलटी करावी, कारण खरी परीक्षा पाठीवर होते. तेथे दोरी ओवण्यासाठी दोन भोके किंवा मध्ये ठेवलेली आडवी पट्टी असते. वापरातल्या नेत्सुकेत दोरीने त्यांच्या कडा गुळगुळीत होतात, तर समोर नाक, भुवया आणि गालांचे उंचवटे कपड्याला घासून झिजतात, पण डोळ्यांच्या खोबणीतले कोरीवकाम धारदार राहते. खोलगट भागही उंचवट्यांइतकाच झिजलेला दिसला, तर ती झीज मुद्दाम केलेली असण्याची शंका घ्यावी. भिंगाखाली साच्याची शिवण किंवा हवेचे बुडबुडे दिसले, तर वस्तू राळेची ओतीव आहे, असे समजून ती तेथेच ठेवावी. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला हमखास मिळतो; तो ऐकू नये, त्याने अस्सल वस्तूलाही कायमचा डाग पडतो.

सही सर्वांत शेवटी वाचावी. नो मुखवटे कोरणाऱ्या देमे घराण्यातील कारागिरांनी अशी नेत्सुकेही केली आणि काहींवर ‘तेन्काइची’, म्हणजे जगात अव्वल, ही पदवी कोरली. परंतु नाव नंतरही कोरता येते, त्यामुळे केवळ त्यापायी जास्त पैसे मोजणे मला तरी पटत नाही.

माध्यमाबाबत मात्र तडजोड नको. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 आणि त्यातील 1991 ची दुरुस्ती यांमुळे भारतात आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद आहे. तेव्हा येथील संग्राहकाने लाकडी नेत्सुकेच शोधावीत आणि हस्तिदंती नमुने संग्रहालयातच पाहावेत. लाकडी नेत्सुकेला तेल लावू नये. कोरड्या मऊ फडक्याने पुसून ते थेट उन्हापासून दूर ठेवावे.